उष्णतेचें गणित मांडणारा जोझेफ फूरिये

वैशाखांत पनवेलच्या रस्त्यानें चालतांना झाडाच्या सावलींत पाऊल टाकलें, कीं अंगाचा दाह तत्काळ कमी होतो. भाकरी जाड थापली तर ती वरून करपते व आंत कच्ची राहते. ह्या गोष्टी आपल्या घरोघरच्या मातांस कोणी शिकवाव्या लागत नाहींत. परंतु उष्णता पदार्थांतून किती वेगानें पसरते, ह्याचा बिनचूक हिशेब एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत कोणास मांडतां येत नव्हता. तो ज्यानें मांडला, त्या फ्रेंच गणितज्ञाचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणून घेण्यासारखें आहे.

जोझेफ फूरियेचा जन्म २१ मार्च १७६८ रोजीं फ्रान्समधील ओसेर ह्या गांवीं एका शिंप्याच्या घरीं झाला. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास तो आईबापांस पारखा झाला. पुढें बेनेडिक्टीन संन्याशांनीं चालविलेल्या लष्करी शाळेंत त्यास प्रवेश मिळाला. तेथें त्यास गणिताची इतकी गोडी लागली, कीं मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे गोळा करून तो त्यांच्या उजेडांत रात्रीं अभ्यास करी, असें सांगतात. तोफखान्यांत अधिकारी व्हावें ही त्याची इच्छा होती. पण कुलीन घराण्यांत जन्म नसल्यामुळें तें दार त्यास बंद होतें. मग तो मठांत दाखल झाला, आणि १७८९ सालीं दीक्षा न घेतांच बाहेर पडून आपल्या जुन्या शाळेंत शिक्षक झाला.

तो काळ राज्यक्रांतीचा होता. १७९४ सालीं फूरियेस तुरुंगांत पडावें लागलें; रोबेस्पियेरचा पाडाव झाल्यावर त्याची सुटका झाली. नंतर पॅरिस येथें त्यानें अध्यापन केलें. १७९८ सालीं तो नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला आणि परतल्यावर ग्रेनोबल येथें जिल्ह्याचा कारभारी झाला. दलदलीचे प्रदेश कोरडे करणें, आल्प्स पर्वतांतून रस्ता काढणें, अशीं कामें त्याच्या अंगावर होतीं. त्यांतून सवड काढून तो उष्णतेचा अभ्यास करी.

त्यानें लोखंडाचें एक कडें घेतलें, त्याचा कांहीं भाग तापविला आणि ठिकठिकाणीं उष्णतामापक लावून तें कसें निवतें हें पाहिलें. उष्णता म्हणजे काय, ह्या वादांत तो शिरला नाहीं. ती कशी वाहते, एवढेंच त्यानें विचारलें. दोन जागांच्या तपमानांतील फरक जितका अधिक व अंतर जितकें कमी, तितका प्रवाह जोराचा, हा नियम धरून त्यानें समीकरण मांडलें. तें सोडविण्यासाठीं त्यानें एक अपूर्व युक्ति योजिली. कड्यावरील उष्णतेची वांटणी कितीही वेडीवांकडी असो, ती अनेक साध्या लाटांची बेरीज मानावी. प्रत्येक लाट स्वतंत्रपणें विरते. लांबी निम्मी असेल, तर ती चौपट वेगानें विरते.

१८०७ सालीं त्यानें हा निबंध पॅरिसच्या विद्वत्सभेपुढें ठेविला. लाग्रांज व लाप्लास ह्यांसारखे धुरंधर गणिती परीक्षक होते. लाटांच्या बेरजेची कल्पना लाग्रांजला मुळींच पटली नाहीं. पुढें सभेनें ह्याच विषयावर बक्षीस लाविलें आणि तें फूरियेसच दिलें. तरी सिद्धता अपुरी असल्याचा शेरा मारला व निबंध छापला नाहीं. शेरा अगदींच अन्यायाचा नव्हता. ती उणीव पुढें इतर गणितज्ञांनीं भरून काढली. फूरिये रुसून बसला नाहीं. तो पुनः पुनः लिहीत व तपासीत राहिला आणि १८२२ सालीं, म्हणजे पंधरा वर्षांनीं, त्याचा उष्णतेवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

१८०० सालीं हर्शेलनें सूर्यप्रकाशांत तांबड्या रंगापलीकडे डोळ्यांस न दिसणारे उष्ण किरण आहेत, हें दाखविलें होतें. पृथ्वीही असेच अदृश्य किरण बाहेर टाकून निवते व वातावरण त्यांस अडवितें, असा विचार फूरियेनें १८२४ सालीं मांडला. १६ मे १८३० रोजीं पॅरिस येथें त्याचें देहावसान झालें.

आज कारखान्यांत रंग झटपट वाळविण्यास किंवा सिलिकनच्या पातळ चकत्या कांहीं सेकंदांत तापविण्यास ह्याच अदृश्य किरणांचे दिवे वापरतात. दिव्याच्या तारेचें निरपेक्ष तपमान दुप्पट केलें, तर तिचें किरणविसर्जन सुमारें सोळापट होतें; हा चतुर्थ घाताचा नियम १८७९ सालीं श्टेफाननें शोधिला. पण पृष्ठभागावर पडलेली उष्णता आंत केव्हां पोहोंचेल, हें फूरियेचेंच समीकरण सांगतें. जाडी दुप्पट झाली, कीं वेळ चौपट लागतो. दिवा कितीही प्रखर केला, तरी हा नियम टळत नाहीं. फार घाई केली, तर पृष्ठभाग जळतो व गाभा थंड राहतो. जाड भाकरी करपते ती ह्याच कारणानें.

विद्यार्थी मित्रांनो, विद्येचेंही असेंच आहे. परीक्षेच्या आदल्या रात्रीं केलेली पाठांतराची आंच वरवरच राहते. आईबापांविना वाढलेल्या त्या शिंप्याच्या मुलानें आपलें काम पंधरा वर्षें मंद आंचेवर ठेविलें, म्हणूनच तें आंतपर्यंत शिजलें.