वऱ्हाडचे दादासाहेब खापर्डे

श्रीसाईसच्चरित्राचे पारायण करणाऱ्या भाविकांना दादासाहेब खापर्डे हे नाव परिचित आहे. तथापि शिरडीबाहेरील त्यांचे जीवन फारसे कोणी सांगत नाही.

गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांचा जन्म २७ ऑगस्ट १८५४ रोजी वऱ्हाडात झाला. मुंबईस कायद्याचे शिक्षण घेऊन व काही वर्षे सरकारी नोकरी करून १८९० साली त्यांनी अमरावतीस वकिली आरंभिली. पैसा अमाप मिळाला, तसा खर्चही सढळ. लोक त्यांना वऱ्हाडचे नबाबच म्हणत. १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते.

पुण्याच्या बाबामहाराजांच्या मृत्युपत्रान्वये लोकमान्य टिळकांसह तेही विश्वस्त झाले. १९०१ मध्ये ताईमहाराजांच्या दत्तविधानासाठी निजामाच्या राज्यातील औरंगाबादेस गेले आणि त्यातून उद्भवलेला खटला १९१५ पर्यंत चालला. विश्वस्तपद म्हणजे केवळ मान नव्हे, हे आपणां विश्वस्तांस निराळे सांगावयास नको.

१९०८ साली टिळकांना शिक्षा झाली, तेव्हा चालती वकिली सोडून दादासाहेब विलायतेस गेले. दोन वर्षे खटपट केली. यश आले नाही. परतल्यावर डिसेंबर १९१० मध्ये ते प्रथम शिरडीस गेले. पुढील वर्षाच्या डिसेंबरात पुन्हा गेले ते मार्च १९१२ पर्यंत तेथेच राहिले. पत्नी लक्ष्मीबाई तर त्याहून अधिक काळ राहिल्या. तेथील रोजची हकीकत दादासाहेबांनी दैनंदिनीत टिपून ठेवली आहे. सभा गाजविणारा, न्यायालयात प्रतिपक्षास निरुत्तर करणारा हा वक्ता मशिदीत मात्र श्रीबाबांपुढे मूक बसे, असे सच्चरित्रकार सांगतात. राजकारणाचा संन्यास मात्र त्यांनी घेतला नाही. १९१७ साली लोकमान्यांना त्यांनीच शिरडीस नेले.

लोकमान्यांच्या पश्चात त्यांना गांधीजींचा असहकार पटला नाही. ते कौन्सिलात गेले. त्यामुळे लोकप्रियता ओसरली. टिळकांच्या या निष्ठावंतास त्यासाठी दोष देणे आम्हांस उचित वाटत नाही. चिरंजीव बाळकृष्ण हेही वकील होऊन मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात गेले व पित्याचे चरित्रही त्यांनीच लिहिले.

दादासाहेबांनी १ जुलै १९३८ रोजी देह ठेवला.