कारागीर जमवणारे किपलिंग

मुंबईच्या चोरबाजारात कधी गेलायत? मटण स्ट्रीटवर शिरलात की जुन्या फर्निचरची दुकानं लागतात. काळपट शिसवी लाकडाचं, वरपासून पायापर्यंत वेलबुट्टी कोरलेलं एखादं कपाट तिथं दिसतंच. दुकानदार म्हणतो, व्हिक्टोरियन आहे, एकदम ओरिजिनल. आपण फोटो काढतो, स्टोरी टाकतो, किंमत विचारतो आणि गुपचूप पुढे सरकतो. हे कोरलं कुणी, एवढं मात्र विचारायचं राहून जातं.

दीडशे वर्षांपूर्वी याच मुंबईत राहणाऱ्या एका इंग्रजाला या कोरणाऱ्या माणसांबद्दल खूप कुतूहल होतं. त्याचं नाव जॉन लॉकवुड किपलिंग. हो, मोगलीची गोष्ट लिहिणाऱ्या रुडयार्ड किपलिंगचे वडील! मुलगा इतका गाजला, की वडिलांची ओळख तेवढीच उरली. पण जुनं कोरीव फर्निचर आवडत असेल, तर तुम्हाला वडील माहीत असायलाच हवेत.

लॉकवुड यांचा जन्म १८३७ चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशरमधला. म्हणजे व्हिक्टोरिया राणी गादीवर आली त्याच वर्षीचा. वडील धर्मोपदेशक. १८५१ मध्ये लंडनला जंगी आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं, ते या शाळकरी पोरानं पाहिलं. त्यात भारतातून गेलेल्या हस्तकलेच्या वस्तूही होत्या. कलेचं वेड लागलं ते तिथूनच, असं सांगतात. मग बर्स्लेमच्या भांड्यांच्या कारखान्यात उमेदवारी, त्यानंतर लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियममध्ये शिल्पकाम. आज आपण त्या म्युझियमला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्हणतो.

१८६५ मध्ये लग्न झालं आणि नवरा-बायकोनं थेट मुंबईची बोट पकडली. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकला शिकवायची नोकरी होती. त्याच डिसेंबरात रुडयार्ड जन्मला. तेव्हाची मुंबई डोळ्यांसमोर आणा. फोर्टचा तट पाडलाय, जिकडेतिकडे मोठ्या इमारती उठतायत आणि त्यांना नक्षी हवीय. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावर शेतकऱ्यांची, बाजारकऱ्यांची कोरीव शिल्पं आहेत ना, ती लॉकवुड यांची. पुढच्या वेळी फळं घ्यायला जाल, तेव्हा मान वर करून बघाच.

त्याच काळात साहेबांच्या आणि श्रीमंत पारशांच्या घरांत कोरीव शिसवी फर्निचरची चलती होती. कपाटं, पुस्तकांची शेल्फं, खुर्च्या, टेबलं. आकार विलायती, पण कोरणारा हात इथला. त्या हाताचं नाव सहसा कुणी लिहून ठेवलं नाही.

आणि इथंच लॉकवुड वेगळे ठरतात. १८७० मध्ये सरकारनं त्यांना उत्तर भारतात पाठवलं, तिथल्या कारागिरांची चित्रं काढायला. बाकीचे लोक वस्तू गोळा करत होते, हे वस्तू करणाऱ्यांना कागदावर उतरवत होते. विणकर, कुंभार, लाकूड कोरणारा, सगळे आपापल्या कामात गढलेले. ती चित्रं आजही लंडनच्या म्युझियममध्ये आहेत. पण खरं सांगायचं तर तीही आज बहुतेक धंद्याच्याच नावानं ओळखली जातात. चेहरा राहिला, नाव गेलं.

१८७५ मध्ये ते लाहोरला गेले. एकाच वेळी दोन खुर्च्या: मेयो आर्ट स्कूलचे प्रिन्सिपल आणि लाहोर म्युझियमचे क्युरेटर. रुडयार्डच्या ‘किम’ कादंबरीत म्युझियमचा जो प्रेमळ साहेब भेटतो, तो वडिलांवरूनच बेतलेला. शाळेत ते विद्यार्थ्यांना जुन्या लाहोरच्या इमारती आणि त्यांची नक्षी बघून ड्रॉइंग करायला लावत. विलायती नमुन्यांची नुसती कॉपी त्यांना पटत नसे.

या शाळेत सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा आला. रामसिंग. सुतारांच्या घरातला, हातात पटाशी आधीपासूनच. गुरू-शिष्याची जोडी अशी जमली, की व्हिक्टोरिया राणीच्या मुलानं, ड्यूक ऑफ कनॉटनं, इंग्लंडमधल्या आपल्या बॅगशॉट पार्कच्या बिलियर्ड रूमचं काम यांच्याकडे दिलं. लाकडी पॅनेल पंजाबात कोरली गेली आणि बोटीनं इंग्लंडला पोचली. मग राणीनंच बोलावणं धाडलं. ऑस्बोर्न हाउसचा दरबार हॉल १८९०-९१ मध्ये रामसिंगनं तिथं राहून सजवला. राणीनं त्याचं पोर्ट्रेटही काढून घेतलं. पुढे हाच रामसिंग मेयो स्कूलचा प्रिन्सिपल झाला.

आता एक गोष्ट लपवायला नको. लॉकवुड शेवटी सरकारी साहेबच होते. अस्सल भारतीय कला कुठली, हे ठरवायचा हक्क त्यांच्यासारख्यांनी स्वतःकडेच ठेवला होता. प्रदर्शनं भरत, मेडलं मिळत, माल विलायतेला जाई आणि कोरणाऱ्यांपैकी बहुतेक जण मजुरीवरच राहिले. रामसिंगचं नाव टिकलं, पण त्याच्याबरोबर पॅनेल कोरणाऱ्या किती जणांची नावं आपल्याला माहितीयत?

१८९३ मध्ये लॉकवुड निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. ‘किम’साठी त्यांनी मातीची उठावशिल्पं केली आणि त्यांचे फोटो चित्रं म्हणून छापले गेले. जानेवारी १९११ मध्ये ते गेले. २०१७ मध्ये लंडनच्या त्याच म्युझियमनं त्यांच्यावर खास प्रदर्शन भरवलं.

आता पुन्हा चोरबाजारातल्या त्या कपाटाकडे या. घ्यायचंच असेल, तर समोरच्या चकचकीत पॉलिशवर जाऊ नका. खण बाहेर काढा, सांधे बघा, पाठीमागच्या फळ्या बघा. एकाच नक्षीची दोन फुलं शेजारी धरून पाहा. हातानं कोरलेली फुलं जुळ्या बहिणींसारखी असतात, जवळून बघितलं की फरक कळतो. मशिनची फुलं तंतोतंत एकसारखी येतात.

आणि घ्यायची ऐपत नसेल (माझी तरी नाही बुवा!), तरी एक गोष्ट आजच करता येईल. आजोळी एखादं जुनं लाकडी कपाट असेलच. भंगारवाला यायच्या आत आजीला विचारा, कुठल्या सुतारानं केलं, कुठल्या साली, लाकूड कुठून आणलं. उत्तर एका चिठ्ठीवर लिहा आणि कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून टाका. दीडशे वर्षांनी कुणी तो दरवाजा उघडला, तर त्याला निदान एक नाव तरी सापडेल.