अनुशेषाचं गणित मांडणारे वि. म. दांडेकर

ऑपरेशन्स रिसर्चच्या पेपरात एक गणित हमखास येतं: पैसा इतका, प्रकल्प इतके, फायदा जास्तीत जास्त करा. समजा त्यात एक पूल पुण्याजवळचा टाकला आणि एक भामरागडच्या पर्लकोटा नदीवरचा. फायदा माणसांच्या संख्येवर मोजला तर सिम्प्लेक्स दर वेळी पुण्याचाच पूल उचलणार. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क वर्षानुवर्षे तुटत आला, हे त्याच्या गावीही नसतं. यावर कोणी काही केलंय का, हे शोधताना मला वि. म. दांडेकर सापडले.

जन्म १९२० चा, साताऱ्याचा. विषय संख्याशास्त्र, मुक्काम पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट. तिथे ते संचालकही झाले. १९७१ साली नीळकंठ रथांबरोबर त्यांनी देशातल्या गरिबीचा अभ्यास छापला आणि पोटात जाणाऱ्या कॅलरींवरून गरिबीची रेषा रुपयांत काढून दाखवली. पीकविम्यातही त्यांचं म्हणणं असंच: एकेकाचं नुकसान मोजत बसू नका, अख्ख्या भागाचं सरासरी उत्पन्न पाहा. सरासरी हे त्यांचं आवडतं हत्यार दिसतं.

आपल्या भागाशी त्यांची गाठ पडली १९८३ मध्ये. चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. विदर्भाला न्याय्य वाटा मिळतो का, हे भांडण जुनंच. सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. त्यांनी भाषणं बाजूला ठेवली आणि रस्ते, सिंचन, वीज, आरोग्य, अगदी तांत्रिक शिक्षणसुद्धा (म्हणजे आपली कॉलेजं!) अशी नऊ क्षेत्रं घेतली. मोजायचा जिल्हा, तुलना राज्याच्या सरासरीशी. खाली असलेल्या जिल्ह्याला तिथवर आणायचा खर्च म्हणजे अनुशेष. १९८४ च्या अहवालात तो ३१८६ कोटी ७८ लाख निघाला, त्यात विदर्भाचे साधारण १२४६ कोटी.

आपल्या भाषेत हा कन्स्ट्रेंट झाला. आधी प्रत्येक जिल्हा या पातळीला यायलाच हवा, मग उरलेल्या पैशात काय ते मॅक्झिमाइझ करा.

मला एकच खटकतं. जिल्ह्याच्या आकड्यात रेल्वे असलेलं देसाईगंज आणि भामरागड दोन्ही बुडून जातात. शिवाय राज्य धावलं की सरासरीही धावते. १९९४ च्या स्थितीवर दुसऱ्या समितीने अनुशेष मोजला तेव्हा तो चौदा हजार कोटींवर गेला होता. अर्थात त्यात महागाईही आलीच.

दांडेकर ३० जुलै १९९५ ला गेले. त्यांचंच गणित तालुका धरून मांडलं तर आपल्या लॅबमधल्या पीसीवरही सुटेल. फक्त आकडे हवेत, तालुक्यांचे.