बुद्धिवाद्याचे अंतःकरण

कराडपासून जवळच, कृष्णाकाठी टेंभू हे गाव आहे. दुष्काळी भागाला पाणी पुरविणाऱ्या उपसा सिंचन योजनेमुळे त्याचे नाव आज सर्वतोमुखी झाले आहे. परंतु १४ जुलै १८५६ रोजी गोपाळ गणेश आगरकर या गावी जन्मले, याचे स्मरण जयंती-पुण्यतिथीपुरतेच होते. तेही एका ठरावीक साच्यातून. आगरकर म्हणजे कोरडे बुद्धिवादी, भावनेला थारा न देणारे तर्ककठोर सुधारक, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवीत आलो. त्यांचे चरित्र या साच्यात मावत नाही.

घरचे दारिद्र्य एवढे की कराडला शिकत असतानाच कचेरीत उमेदवारी करण्याची पाळी आली. अकोल्याहून १८७५ साली ते मॅट्रिक झाले आणि पुण्यास डेक्कन कॉलेजात आले. मिल्ल व स्पेन्सर यांच्या ग्रंथांनी त्यांची दृष्टी घडविली. ईश्वर व शास्त्रवचने यांचा आधार त्यांनी सोडला. मग चांगले-वाईट उभे राहते ते कशावर? हा प्रश्न त्यांच्यापुढे केवळ पुस्तकी नव्हता. एम्. ए. होणाऱ्या तरुणाला सरकारी नोकरीचा मार्ग मोकळा होता. मुलाच्या पगाराकडे डोळे लावून बसलेल्या आईला त्यांनी पत्राने कळविले की, पोटापुरत्या पैशावर संतोष मानून आपण लोकहिताला वाहून घेणार. हा निर्णय केवळ तर्काने होत नाही. तर्क मार्ग दाखवितो. चालावयास लावते ती तळमळ.

तथापि तळमळ चुकूही शकते, हा धडा त्यांना लवकरच मिळाला. १८८१ साली निघालेल्या 'केसरी'चे ते पहिले संपादक. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होत असल्याच्या वार्तेने टिळक-आगरकर संतप्त झाले व कारभारी बर्वे यांच्या नावावरील पत्रे त्यांनी छापली. ती पत्रे बनावट ठरली. १८८२ साली दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली व त्यांपैकी १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. पुढच्याच वर्षी ते महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात नजरकैदेतच मृत्यू पावले. म्हणजे कागद खोटे होते, पण ज्या दुःखाने मन कळवळले ते दुःख खोटे नव्हते. अन्याय कोठे आहे याची पहिली वर्दी भावना देते. ती वर्दी पारखून घेणे हे बुद्धीचे काम. त्याच १८८३ साली त्यांनी 'हॅम्लेट'चे भाषांतर प्रसिद्ध केले, त्याला नाव दिले 'विकारविलसित'. मनोविकारांचे सामर्थ्य हा लेखक पुरते जाणून होता.

मतभेदामुळे 'केसरी' सोडून १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढला. जे इष्ट ते बोलावयाचे, ही त्या पत्राची प्रतिज्ञा होती. 'इष्ट' हा शब्दच विचार करण्याजोगा आहे. इच्छा करणे या अर्थाच्या धातूपासून तो झाला आहे. कोणाला हवेसे वाटते एवढ्यानेच एखादी गोष्ट इष्ट ठरत नाही. परंतु कोणालाच कधी काही हवेसे वाटले नसते, कोणालाच वेदना झाली नसती, तर या जगात इष्ट आणि अनिष्ट हा भेदच उरला नसता. मूल्य दगडात नसते, तसेच ते आपल्या लहरीतही नसते. सुखदुःख जाणणाऱ्या जीवांच्या जगण्यात ते असते आणि भावनेवाचून ते ओळखता येत नाही.

येथे आक्षेप येतो की, भावना तर विरोधकांनाही होत्या. आगरकरांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढणाऱ्यांचा संतापही खराच होता. मग निवड कशाने करावयाची? १८९१ साली संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा झाला, तेव्हा हा प्रश्न ऐरणीवर आला. एका बाजूस परंपरेचा अभिमान, दुसऱ्या बाजूस बालवधूची यातना. आगरकरांची कसोटी त्यांच्या लेखनातून दिसते. सर्व वस्तुस्थिती समजल्यावर आणि जिला सोसावे लागते तिच्या जागी स्वतःस ठेवून पाहिल्यावर जी भावना टिकेल, ती ग्राह्य. विधवेच्या केशवपनाचे समर्थन या कसोटीपुढे उभे राहत नाही.

ही कसोटी त्यांनी घरातही लावली. पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. आगरकरांनी आपली मते त्यांच्यावर लादली नाहीत. वादात जिंकण्यापेक्षा दुसऱ्याच्या मनाचा मान मोठा, हे या नास्तिकाला कळत होते.

दम्याने जर्जर झालेल्या देहाने ते १८९२ पासून फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद सांभाळीत होते. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ते गेले. आज भावना दुखावल्या एवढे म्हटले की वाद संपला असे एक पक्ष मानतो. भावनेची गोष्ट काढताच ती अडाणीपणाची खूण असे दुसरा मानतो. टेंभूच्या या पुत्राने दोन्ही वाटा टाळल्या. भावनेला त्याने साक्षीदार म्हणून मान दिला, पण न्यायासनावर तिला एकटीला बसू दिले नाही. आपल्या वर्गांतून आगरकर शिकविताना एवढे तरी सांगितले जावे.