दोमिनिक लारे : जखमी सैनिकांचे सर्जन

रस्त्यावर अपघात झाला की आपण १०८ क्रमांकावर फोन करतो. गाडी जखमीकडे येते, जखमीने गाडीपर्यंत पोहोचायचं नसतं. हे आता इतकं अंगवळणी पडलं आहे की यामागे कुणाचं तरी डोकं असेल, असं मनातही येत नाही. ते डोकं एका फ्रेंच सर्जनचं होतं. त्यांचं नाव दोमिनिक-जाँ लारे. नेपोलियनच्या जवळपास सगळ्या मोहिमांत ते होते आणि उतारवयात पॅरिसमधल्या अँव्हालिद या निवृत्त व जखमी सैनिकांच्या रुग्णालयाचे मुख्य सर्जन झाले. तुमच्या घरात कुणाचा पाय किंवा हात काढावा लागला असेल, किंवा तसा सल्ला नुकताच मिळाला असेल, तर त्यांची गोष्ट तुम्हाला परकी वाटणार नाही.

लारे यांचा जन्म ८ जुलै १७६६ चा, पिरेनीज डोंगरातल्या बोदेआँ या खेड्यातला. वडील चपला-बूट शिवायचे. तेराव्या वर्षी वडिलांचं छत्र गेलं आणि मुलगा तुलूझला काकांकडे गेला. काका सर्जन होते. तिथे काही वर्षं उमेदवारी केल्यावर लारे पॅरिसला आले. काही महिने नौदलाच्या जहाजावर काढले, पण समुद्र त्यांना मानवला नाही. पुढे पॅरिसच्या मोठ्या रुग्णालयात देसो या नामवंत सर्जनकडे आणि अँव्हालिदमध्ये सबातिए यांच्या हाताखाली ते शिकले. म्हणजे ज्या इमारतीत त्यांचं म्हातारपण जायचं होतं, तिचे व्हरांडे त्यांनी विशीतच पाहिले होते.

जखमी वाट पाहत राहायचे

१७९२ मध्ये ते ऱ्हाईन नदीकाठच्या सैन्यात दाखल झाले. त्या काळचा नियम ऐका. औषधोपचाराच्या गाड्यांनी लढाईच्या जागेपासून सुमारे ४ किलोमीटर मागे थांबायचं. लढाई संपली की मग जखमी गोळा करायचे. त्यात २४ ते ३६ तास सहज जायचे. तोवर बहुतेकांचा जीव रक्तस्रावाने गेलेला असायचा, आणि जे उरायचे त्यांच्या जखमा चिघळू लागलेल्या असायच्या.

लारे यांनी घोड्यांवरून धावपळ करणाऱ्या हलक्या तोफा पाहिल्या. तोफ इतक्या वेगाने हलते, तर जखमी का नाही, असा त्यांचा साधा प्रश्न होता. त्यांनी दोन चाकांची, हलकी, दोन जखमींना आडवं झोपवता येईल अशी घोडागाडी तयार करवली. आत गादी, बाजूला खिडक्या, हादरे कमी बसावेत म्हणून स्प्रिंगा. १७९७ मध्ये इटलीत या कल्पनेला पूर्ण रूप आलं : ३४० माणसांचं पथक, त्याच्या तीन तुकड्या, सोबत सर्जन, मदतनीस आणि मलमपट्टीचं सामान. लढाई चालू असतानाच ही माणसं जखमींपर्यंत जायची. इजिप्तमध्ये घोड्यांऐवजी उंट वापरले आणि उंटाच्या दोन्ही अंगांना जखमींसाठी पेट्या बांधल्या.

दुसरी गोष्ट मला गाडीपेक्षा मोठी वाटते. जखमींचा क्रम त्यांनी हुद्द्यावरून लावला नाही. ज्याची जखम सर्वांत गंभीर, त्याला आधी घ्यायचं, मग तो अधिकारी असो, शिपाई असो की शत्रूचा माणूस. तुम्ही अपघात विभागात ताटकळत बसलेले असता आणि तुमच्यानंतर आलेल्याला आधी आत नेतात, तेव्हा राग येतो. येणारच. पण तो क्रम याच विचारातून आला आहे, आणि एखाद्या दिवशी तो तुमच्याच माणसाच्या बाजूने लागतो.

पाय कधी काढायचा

त्या काळात भूल नव्हती. जंतू ही गोष्टच कुणाला ठाऊक नव्हती. तोफेच्या गोळ्याने हाड चुरा झालेला पाय ठेवला तर काही दिवसांत ताप, पू, मांस सडणं आणि मृत्यू. बरेच सर्जन सूज उतरेपर्यंत थांबा असं सांगत. लारे यांचा अनुभव उलटा होता. काढायचाच असेल तर पहिल्या २४ तासांत काढा, असं त्यांचं ठाम मत बनलं, कारण संसर्ग शरीरात पसरण्याआधीच सडणारा भाग दूर होतो. १८१२ मध्ये बोरोदिनोच्या लढाईत त्यांनी एका दिवस-रात्रीत सुमारे २०० अवयव काढले, असं नोंदलेलं आहे. हा आकडा वाचून अंगावर काटा येतो, पण त्यांचे हात थांबले असते तर त्यातले फारच थोडे वाचले असते.

आज हा नियम जसाच्या तसा लागू नाही. अँटिबायोटिक्स आहेत, तुटलेल्या रक्तवाहिन्या जोडता येतात, त्यामुळे बऱ्याचदा पाय वाचवण्याचा प्रयत्न आधी होतो. मात्र मधुमेहात पायाचं बोट काळं पडलं, वास येऊ लागला, ताप चढला आणि सर्जन म्हणाले की बोट काढावं लागेल, तर चार ठिकाणी विचारत आठवडा घालवू नका. दुसरं मत जरूर घ्या, पण त्याच दिवशी घ्या. बोटावर भागणारं काम उशिरामुळे गुडघ्यापर्यंत जातं, हे प्रॅक्टिसमध्ये वारंवार दिसतं.

सगळ्याच बाबतीत लारे बरोबर होते असं नाही. फेब्रुवारी १८०७ मध्ये एलाऊच्या लढाईत कडाक्याच्या थंडीत त्यांना दिसलं की गारठलेल्या अवयवावर शस्त्रक्रिया केली तर वेदना फार कमी होते. हे निरीक्षण अचूक होतं. शिवाय गारठलेले पाय शेकोटीला लावणाऱ्या सैनिकांचे पाय सडतात, हेही त्यांनी पाहिलं. पण त्यावरून बर्फानेच पाय चोळा असा सल्ला त्यांनी दिला, आणि तो चुकीचा असूनही शतकाहून अधिक काळ पाळला गेला. तुम्ही हिमालयात ट्रेकला जात असाल तर एवढं लक्षात ठेवा : बर्फदंश झालेला भाग चोळायचा नाही, शेकायचाही नाही. पुन्हा गोठण्याचा धोका नसेल अशा ठिकाणी पोहोचून ३७ ते ३९ अंश सेल्सिअसच्या कोमट पाण्यात तो बुडवायचा.

३० सप्टेंबर १८११ रोजी त्यांनी पॅरिसमध्ये फॅनी बर्नी या इंग्रज कादंबरीकार बाईंचा स्तन काढला. बाईंच्या राहत्या घरी, थोड्या वाइनच्या आधारावर, चेहऱ्यावर एक पातळ रुमाल टाकून. बाई जाग्या होत्या. काही महिन्यांनी त्यांनी बहिणीला पत्रात सगळं सविस्तर लिहिलं. ते पत्र रुग्णाच्या बाजूने लिहिलेल्या सर्वांत जुन्या आणि स्पष्ट नोंदींपैकी एक आहे. त्यात काम संपल्यावरचे लारेही दिसतात, पांढरेफटक पडलेले. बाई पुढे २८ वर्षांहून अधिक जगल्या. भूल नसलेल्या काळातल्या सर्जनला दगडाचं काळीज असावं लागत असेल अशी आपली समजूत असते. लारे यांच्याकडे ते नव्हतं, तरी ते काम करत राहिले.

दोन हजार बोटं

१८१३ च्या मे महिन्यात बाउत्सेनच्या लढाईनंतर एक प्रकरण उपटलं. नुकतीच भरती झालेली, धड शिक्षणही न मिळालेली पोरं मोठ्या संख्येने हाताला आणि बोटांना जखमा घेऊन आली. वरच्या अधिकाऱ्यांना वाटलं, लढाई चुकवायला यांनी स्वतःच गोळी मारून घेतली आहे. अशा गुन्ह्याला शिक्षा मृत्यूची. नेपोलियनचाही संशय बळावला होता. आरोप दोन हजारांहून अधिक सैनिकांवर होता.

तपासणीचं काम लारे यांच्याकडे आलं. त्यांनी एकेका सैनिकाचा हात पाहिला, जखम कशी झाली ते विचारलं आणि लिहून घेतलं. कारण निघालं ते असं : सैनिक तीन रांगांत उभे राहून गोळ्या झाडत. मागच्या अननुभवी पोरांच्या बंदुका पुढच्यांच्या उंचावलेल्या हातांना लागत. स्वतः मारून घेतल्याचा पुरावा एकाच्याही बाबतीत मिळाला नाही. बादशहाला जे ऐकायचं नव्हतं ते लारे यांनी अहवालात लिहून दिलं. नेपोलियनने ते मानलं आणि त्यांना बक्षीस व पेन्शनही दिलं.

डॉक्टरच्या एका सहीवर एखाद्याची नोकरी, विमा, पेन्शन अवलंबून असतं, हे तुम्हाला माहीत आहे. रुग्ण ढोंग करतोय असं ठरवणं सोपं असतं. हात हातात घेऊन बघायला वेळ लागतो.

१८१५ मध्ये वॉटर्लूला लारे जखमी होऊन प्रशियन सैन्याच्या हाती सापडले. त्यांना गोळी घालणार तोच एका प्रशियन सर्जनने त्यांना ओळखलं, कारण त्याने त्यांची व्याख्यानं ऐकली होती. सेनापती ब्लूशर यांच्या मुलावर लारे यांनी पूर्वी उपचार केले होते, त्यामुळे सन्मानाने सुटका झाली. राजेशाही परतल्यावर काही काळ पेन्शन बंद पडलं. नेपोलियनने मात्र मृत्युपत्रात त्यांच्यासाठी एक लाख फ्रँक ठेवले.

अँव्हालिदमधली वर्षं

अँव्हालिद ही चौदाव्या लुईने १६७० मध्ये सुरू केलेली संस्था. वय झालेले आणि अपंग झालेले सैनिक भीक मागत फिरू नयेत म्हणून राहायला खोली, जेवण आणि रुग्णालय. १८३० च्या क्रांतीनंतर लारे तिथे मुख्य सर्जन झाले. आता समोर ताज्या जखमा नव्हत्या. नेपोलियनच्या युद्धांतून परतलेले, लाकडी पायांवर चालणारे म्हातारे होते.

इथलं काम रणांगणाइतकं गाजत नाही, पण एका अर्थी जास्त अवघड आहे. जुन्या जखमेच्या हाडात संसर्ग दबून राहतो आणि वीस वर्षांनी पू वाहू लागतो, हाडाचा तुकडा बाहेर येतो. उरलेल्या भागावर लाकडी पाय घासून व्रण होतात. कापलेल्या मज्जातंतूच्या टोकाला गाठ होऊन हात लावता कळ येते. एका पायावर भार टाकून कंबर जाते. आणि नसलेला पाय दुखतो. हे दुखणं खरं असतं. मेंदूतला त्या पायाचा नकाशा पाय गेल्यावर पुसला जात नाही. घरातल्या माणसाने असं सांगितलं तर त्याला वेड्यात काढू नका. यावर औषधं आहेत, आरशासमोर करायचे व्यायाम आहेत, आणि नीट बसणाऱ्या कृत्रिम पायानेही फरक पडतो. पुण्यात आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून सैनिकांसाठी हेच काम करत आलं आहे. व्रण दिसला की तो बरा होईपर्यंत कृत्रिम पाय चढवायचा नाही, ही साधी सूचनाही बरेच जण पाळत नाहीत.

वेदनेचा विचार लारे यांनी सोडला नव्हता. १८२८ मध्ये हेन्री हिकमन या इंग्रज डॉक्टरने वायू हुंगवून वेदनेविना शस्त्रक्रिया करण्याची कल्पना फ्रान्सच्या राजापुढे मांडली. पॅरिसच्या वैद्यक अकादमीत ती धुडकावली गेली, आणि तिच्या बाजूने बोलणाऱ्यांत लारे होते. ईथरची भूल यशस्वी झाली ती १८४६ मध्ये. तोवर लारे हयात नव्हते.

१८४० च्या डिसेंबरात नेपोलियनचे अवशेष अँव्हालिदमध्ये आणले गेले, तेव्हा ७४ वर्षांचे लारे कडाक्याच्या थंडीत मिरवणुकीबरोबर चालले. दोन वर्षांनी ते अल्जीरियातली लष्करी रुग्णालयं तपासायला गेले. परतीच्या वाटेवर आजारी पडले आणि २५ जुलै १८४२ रोजी लिओं शहरात वारले. चित्रकार असलेल्या त्यांच्या पत्नी एलिझाबेथ तीनच दिवस आधी गेल्या होत्या. लारे यांना पॅरिसच्या पेर लाशेज स्मशानभूमीत पुरलं. १९९२ मध्ये त्यांचे अवशेष अँव्हालिदमध्ये हलवले. तिथलं रुग्णालय आजही चालू आहे, आणि युद्धात जखमी झालेले सैनिक तिथे राहतात.