अक्कमहादेवी : ‘अक्का’ या नावाचा अर्थ



दरवर्षी चैत्र पौर्णिमेला बीदर, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद, कलबुर्गी अशा आपल्या सीमाभागातील गावांतून अक्कमहादेवींची जयंती होते. प्रतिमेला हार घातला जातो, भगिनी पाळणा म्हणतात, वचने गायली जातात. मग व्यासपीठावरून कोणी अक्कांना जगन्माता म्हणते, कोणी आदिशक्तीचा अवतार म्हणते. त्यामागची भक्ती खरी आहे. पण क्षणभर थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कल्याणच्या शरणांची त्यांना दिलेली हाक यांपैकी कोणतीच नव्हती. त्यांनी दिले ते घरातले नाव, अक्का. कानडीत आणि आपल्या मराठीतही अक्का म्हणजे थोरली बहीण. त्या तरुणीला वयाने वडील असलेल्या शरणांनीही थोरली बहीण का म्हटले असेल? एवढा एक प्रश्न मनाशी धरून आपण त्यांचे चरित्र पुन्हा वाचू या.

बाराव्या शतकात आजच्या शिवमोग्गा जिल्ह्यातील शिकारीपूर तालुक्यात, उडुतडी या गावी महादेवींचा जन्म झाला. वडील निर्मलशेट्टी आणि आई सुमती अशी नावे परंपरा सांगते. बालपणीच गुरूंकडून इष्टलिंग हाती आले आणि चेन्नमल्लिकार्जुन हाच आपला पती हा भाव मनात रुजला. त्यांच्या वचनांची अंकितमुद्राही तीच आहे. त्या प्रांताचा राजा कौशिक त्यांच्या रूपावर मोहित झाला आणि त्याने मागणी घातली. पुढे काय घडले याविषयी जुन्या कवींचे एकमत नाही. हरिहर कवीने तेराव्या शतकात महादेवी अक्कांवर रगळे रचली. तिच्यात विवाह झाला असे आहे, पण तो अटींवर झाला. शिवपूजा, भक्तांचा सहवास आणि गुरुसेवा यांत राजाने आड येऊ नये, त्याचे तीन अपराध पोटात घातले जातील आणि त्यानंतर त्या निघून जातील. राजाने अटी मोडल्या आणि त्या निघाल्या. पंधराव्या शतकातील चामरस कवीने प्रभुलिंगलीलेत विवाहच नाकारला आहे. एका गोष्टीवर मात्र दोन्ही कवी एक आहेत. महादेवींनी राजवाडा सोडला, राजाने दिलेली वस्त्रेभूषणे तिथेच टाकली आणि केसांचे आवरण करून त्या बाहेर पडल्या.

वाचकहो, इथे चामरसाची आणखी एक कल्पना पाहण्यासारखी आहे. त्याच्या काव्यात कैलासावर शिव-पार्वतींचा संवाद होतो. अल्लमप्रभूंना मोहात पाडता येईल का, हे पाहण्यासाठी पार्वती आपला तामस अंश पृथ्वीवर पाठवते. ती बनवासीची माया. ती हरते. मग पार्वतीचा सात्त्विक अंश येतो, तो म्हणजे महादेवी. कथा गोड आहे, आणि हे काव्य शतकानुशतके आवडीने वाचले गेले आहे. पण परिणाम काय झाला, तो विचार करा. एक स्त्री माया झाली, दुसरी देवी झाली. माणूस म्हणून दोघींपैकी एकही उरली नाही.

अक्का देवीच होत्या असे एकदा ठरले, की त्यांच्या धैर्याचे मोल राहत नाही. देवीला राजाचे भय कसले? देवीला रानातली थंडी, भूक, लोकांच्या नजरा काय करणार? ऐकणारी मुलगी मनात म्हणते, त्या देवी होत्या, मी साधी बाई. आणि ऐकणारा बाप सुटकेचा श्वास टाकतो, कारण आपल्या मुलीने तसे काही विचारण्याची आता भीती नाही. वचनांतल्या अक्का मात्र भूक लागते, तहान लागते, झोप येते, मोह आडवा येतो, हे सारे मोकळेपणाने बोलतात. ज्याला हे लागत नाही त्याने ते जिंकल्याचे कौतुक कोण करील?

आपला मुलूख देवींचा आहे. भीमेकाठी सन्नतीची चंद्रलांबा, पलीकडे तुळजापूरची भवानी, दूर सौंदत्तीची यल्लम्मा. या देवस्थानांवर लाखो लोकांची श्रद्धा आहे आणि तिचा अनादर करण्याचे कारण नाही. पण देवीची पूजा होते म्हणून बाईचा मान राहतो, असे आपोआप घडत नाही. याच प्रदेशात देवीच्या नावाने कोवळ्या मुली सोडल्या गेल्या. कर्नाटकात १९८२ साली त्यावर बंदी घालणारा कायदा करावा लागला, महाराष्ट्रात २००५ साली नवा कायदा झाला. गाभाऱ्यातल्या देवीला शालू आणि दारातल्या मुलीच्या गळ्यात दर्शनाची माळ, हे एकाच गावात घडत होते.

कोणी विचारील, सोन्नलिगेच्या म्हणजे सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांनी स्त्रीमध्ये साक्षात देव पाहिला, त्याचे काय? पाहिला, यात शंका नाही. पण त्यांचा रोख स्त्रीला माया आणि राक्षसी ठरवणाऱ्यांवर होता. जो देव पुरुषात आहे तोच तिच्यात आहे, एवढे त्यांना सांगायचे होते. तिला सिंहासनावर बसवून घरातल्या निर्णयातून बाहेर ठेवा, असे त्यांनी सुचवलेले नाही.

उडुतडीहून निघालेल्या महादेवी शेकडो मैल चालत कल्याणला पोहोचल्या. तेच आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. तिथे काय झाले ते शून्यसंपादने हा पंधराव्या शतकात सिद्ध झालेला ग्रंथ सविस्तर सांगतो. किन्नरी बोम्मय्यांनी प्रथम त्यांची परीक्षा घेतली. मग अनुभव मंटपात अल्लमप्रभूंनी प्रश्नांची झोड उठवली. तरुण वयात इथे का आलीस, तुझा पती कोण, हे विचारले. वस्त्राचा त्याग केला असेल तर केसांचे आवरण कशासाठी, हा त्यांतला सर्वांत धारदार प्रश्न. अक्कांच्या उत्तराचा आशय असा, की हे आवरण स्वतःच्या लाजेसाठी नाही, पाहणाऱ्यांचे मन विचलित होऊ नये म्हणून आहे. म्हणजे उणीव देहात नाही, नजरेत आहे. भरल्या सभेत, थोर ज्ञानी पुरुषांसमोर एका तरुणीने हे सांगितले आणि सभेने ते मान्य केले. चेन्नबसवण्णांनी पुढे शरणांच्या वचनांची जी उतरंड लावली, तिच्यात बसवण्णा, प्रभुदेव आणि अजगण्णा यांच्याही पुढे अक्कांचे एक वचन ठेवले.

या सभेत अक्का एकट्या नव्हत्या. नागम्मा, नीलांबिका, मुक्तायक्का, आयदक्की लक्कम्मा, सत्यक्का, पूर्वी गणिकेचा व्यवसाय केलेली सूळे संकव्वा, अशा तीसहून अधिक शरणींची वचने आज उपलब्ध आहेत. त्यांच्यासाठी वेगळा मंटप नव्हता. बसायची पंगत एकच होती, आणि प्रश्नही तितकेच कठोर होते.

आता एका नाजूक विषयाकडे येऊ. आजची तरुण मुले विचारतात, मी स्त्री आहे की पुरुष हे कोण ठरवते? देह एक सांगतो आणि मन दुसरे, तर खरे कोणते? हा प्रश्न परका आहे, शहरी आहे, असे म्हणून आपण तो झटकतो. पण वचनकारांनी तो आठशे वर्षांपूर्वी हाताळला आहे. कलबुर्गीच्या जुन्या जिल्ह्यातील, आज यादगीर जिल्ह्यात असलेल्या मुदनूरचे जेडर दासिमय्या पेशाने विणकर. देहावरच्या खुणा पाहून लोक स्त्री-पुरुष ठरवतात, आत वावरणाऱ्या आत्म्याला मात्र यांतले कोणतेच नाव लागत नाही, हा विचार त्यांनी मांडला. बसवण्णांनी स्वतःचा पुरुषवेष हा केवळ देवासाठी घातलेला वेष मानला आणि आपण कधी पुरुष, कधी स्त्री असतो असे सांगितले. शरण सती आणि लिंग पती हा तर आपल्या साधनेचा पायाच आहे. दाढी-मिशा असलेला शरण तिथे सती होतो. आणि विटाळ देहात नसून एकमेकांकडे पाहणाऱ्या मनात असतो, हे अक्कांचे ठाम मत आहे.

आता आपल्या गावात पाहा. यल्लम्माचे जोगप्पा आपण सर्वांनी पाहिले आहेत. पुरुषदेहात जन्मून साडी नेसणारे, डोक्यावर देवीचा जग घेऊन जोगवा मागणारे. ज्याच्या अंगात देवी आली असे लोक मानतात, त्याला नमस्कार मिळतो, पण घरात ताट मिळत नाही. बहुधा त्याच्यापुढे दोनच वाटा असतात, देवीचे होणे किंवा गाव सोडणे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची लिंगओळख स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला. २०२१ साली जोगती मंजम्मा यांना पद्मश्री जाहीर झाली. सरकार आणि न्यायालय इतके पुढे आले. इष्टलिंग गळ्यात घालताना गुरू मुलगा-मुलगी हा भेद करत नाहीत, असे अभिमानाने सांगणारे आपण कुठे आहोत? ज्याच्यात देवी संचारली असे म्हणावे लागू नये, जो आहे तसा घरच्या पंगतीत बसू शकावा, ही तिसरी वाट शरणांच्या विचारात आहे. ती आपण मोकळी केली पाहिजे.

अक्का कल्याणला कायमच्या राहिल्या नाहीत. श्रीशैलाच्या कदलीवनात त्या गेल्या आणि तिथेच चेन्नमल्लिकार्जुनात ऐक्य पावल्या. हे कदलीवन आपल्या मराठी वाचकांना कर्दळीवन म्हणून ठाऊक आहे. कलबुर्गी जिल्ह्यातील गाणगापुराहून नृसिंह सरस्वती तिकडेच गेले, असे गुरुचरित्र सांगते. त्या यात्रेला जाणारे मराठी भाविक कृष्णेच्या पात्रातून नावेने पुढे जातात, तेव्हा त्यांना अक्कमहादेवींची गुंफाही दिसते.

या कदलीच्या नावाभोवती आणखी एक कथा आहे. नाथपंथाच्या काही परंपरांत कदली हे स्त्रियांचे राज्य आहे, जिथे मच्छिंद्रनाथ गुंतून पडले आणि गोरक्षनाथांनी त्यांना सोडवून आणले. मराठी नवनाथ भक्तिसारात हेच स्त्रीराज्य येते, तिथली राणी मैनाकिनी. जैमिनी अश्वमेधातही प्रमिलेचे स्त्रीराज्य आहे, अर्जुनाचा घोडा अडवणारे. या कथा आपण लहानपणापासून ऐकल्या. त्यांचा शेवट मात्र ठरलेला असतो. पुरुष येतो आणि राणी एक तर त्याची होते, नाही तर मागे रडत राहते. साधकाला तिथून पळवून आणणे हाच पुरुषार्थ ठरतो. १९०५ साली बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांनी सुलतानाज् ड्रीम या कथेत वेगळेच स्त्रीराज्य रंगवले. तिथे पुरुष पडद्यात आहेत आणि विदुषी सूर्याच्या शक्तीवर देश चालवतात. एका स्त्रीने लिहिल्यामुळे तिथे पळून जाण्यासारखे काही उरले नाही, राहण्यासारखे खूप होते. ज्यांना या जगात जागा मिळत नाही, ते मनात दुसरे जग वसवतात. त्यांना हसू नये.

पण अक्कांच्या कदलीत राणी नाही, प्रजा नाही, दाराशी पहारा नाही. त्यांच्या दृष्टीने कदली म्हणजे देह, मन आणि विषय यांचे घनदाट रान. ते जिंकले की स्त्रीराज्य आणि पुरुषराज्य दोन्ही मागे पडतात. आणि तिकडे जाण्यापूर्वी त्या भरल्या सभेत येऊन बसल्या होत्या, हे विसरू नये. त्यांनी सभा टाळली नाही. सभेतून त्या पुढे गेल्या.

उत्तर कर्नाटकातील मुलींची महाविद्यालये ज्याच्याशी संलग्न आहेत, त्या विजयपूरच्या महिला विद्यापीठाला २०१७ साली अक्कमहादेवींचे नाव दिले गेले. गावोगावी भगिनींचे ‘अक्कन बळग’ चालते, वचनगायन होते, सुखदुःख बोलले जाते. ही आपल्याकडची छोटी स्त्रीराज्येच म्हणा. ती हवीत, कारण तिथे आवाज फुटतो. पण तिथला आवाज गावच्या मुख्य सभेत, ट्रस्टच्या बैठकीत, घरातल्या जमिनीच्या वाटणीत ऐकू येतो का, हे भगिनींनी विचारावे आणि बंधूंनी उत्तर द्यावे.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे या. शरणांनी त्यांना अक्का का म्हटले? देवीला आपण नवस बोलतो, तिच्याशी वाद घालत नाही. राणीची आज्ञा पाळतो किंवा तिच्याविरुद्ध उठतो. थोरली बहीण मात्र आपल्याच घरात, आपल्याच पंगतीत असते. ती चूक दाखवते, तिचे ऐकावे लागते, तिच्याशी बोलावे लागते. लिंगायत धर्मात जन्म, मरण, रज, उच्छिष्ट आणि जाती ही पाचही सूतके मानत नाहीत. तरीही अक्कांच्या तसबिरीखालीच आपल्या किती घरांत महिन्याचे चार दिवस मुलगी बाजूला बसते, हे प्रत्येकाने आपापल्या उंबरठ्याच्या आत पाहावे.

येत्या जयंतीला हार जरूर घालावा. पण त्या दिवशी घरातल्या थोरल्या लेकीला, सुनेला, आणि ज्याच्या मनाचे कोडे आपण कधी विचारले नाही त्या लेकरालाही जवळ बसवून त्याचे ऐकावे. अक्कांना दिलेल्या नावाचा मान त्यात आहे.