कृषिशिक्षणाचे कैवारी डॉ. पंजाबराव देशमुख

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी एका थोर व्यक्तीचे अल्पचरित्र द्यावयाचे, असा प्रघात आहे. यंदा ते काम आम्हांकडे आले, तेव्हा आम्ही डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख यांचे नाव सुचविले. त्यावर काही बंधूंनी शंका काढली की, हे गृहस्थ आपल्या ज्ञातीचे नव्हेत, आपल्या लोहाऱ्याकडचेही नव्हेत. मग त्यांचे चरित्र आपल्या स्मरणिकेत कशाला? शंका अगदीच गैर नाही. तिचे उत्तर या चरित्रातच आहे, असे आम्हांस वाटते. यास्तव वाचकांनी ते शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.

भाऊसाहेबांचा जन्म 27 डिसेंबर 1898 रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. पित्याचे नाव शामराव व मातेचे राधाबाई. गावच्या शाळेतून अमरावतीस, तेथून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात, अशी एकेक पायरी ते चढत गेले. 1920 साली ते विलायतेस निघाले. पावसावर अवलंबून असलेल्या घरातून सातासमुद्रापलीकडील शिक्षणाचा खर्च चालविणे म्हणजे काय, हे कोरडवाहू मुलखातील आपणां लोकांस वेगळे सांगावयास नको. ज्या वर्षी पीक बुडते त्या वर्षी मुलाची फी बुडते.

अशा वेळी त्यांच्या बुद्धीस एका परक्या देशातील परक्या माणसाच्या देणगीने हात दिला. एडिंबरो विद्यापीठात ते एम. ए. झाले व तेथील व्हान्स डनलॉप नावाची शिष्यवृत्ती त्यांस संस्कृतच्या संशोधनासाठी मिळाली. पुढे वेदवाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहून त्यांनी ऑक्सफर्डची डॉक्टरेट संपादन केली. त्याच काळात ते बॅरिस्टरही झाले. विदर्भातील एका कुणब्याच्या मुलाने वेदांचा अभ्यास करावा आणि त्याचा खर्च स्कॉटलंडातील एका दात्याच्या निधीने सोसावा, ही गोष्ट मोठी विचार करण्याजोगी आहे. त्या दात्याने निधी ठेविताना घेणाऱ्याची ज्ञात किंवा देश पाहिला असता, तर भाऊसाहेबांच्या वाट्यास ती शिष्यवृत्ती आली नसती.

1926 साली ते स्वदेशी परतले. मनात आणते तर वकिलीत पैसा मिळवून स्वस्थ बसते. परंतु 1927 साली त्यांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले आणि त्याचे दार सर्व जातींच्या मुलांस उघडे ठेविले. खेड्यातील मुलगा बुद्धीने मागे पडत नाही. शहरात दोन वेळचे जेवण व अंग टाकण्यापुरती जागा नसते म्हणून तो मागे पडतो, हे त्यांनी ओळखले होते. त्याच वर्षी अस्पृश्यांस अंबादेवीच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या सत्याग्रहात ते अग्रभागी होते. आणि त्याच वर्षी त्यांनी ज्ञातीबाहेरील विमलाबाई वैद्य यांच्याशी विवाह केला. बोलणे एक व वागणे एक, असा प्रकार त्यांच्या ठायी नव्हता. विमलाबाईंनीही पुढे सार्वजनिक कार्यात भाग घेतला व त्या राज्यसभेच्या सदस्य झाल्या.

1930 साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात गेले. शिक्षण व शेती ही दोन्ही खाती त्यांजकडे होती. सरकारी नोकरीकरिता शाळा आणि अडाण्यांकरिता शेती, अशी वाटणी त्या काळी लोकांच्या मनात पक्की बसली होती. ती मोडावी, हा भाऊसाहेबांचा जन्मभराचा ध्यास ठरला. 1932 साली त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना केली. या संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांनी विदर्भातील खेडोपाडीच्या मुलांस शिक्षण दिले, आणि त्यांत कृषी महाविद्यालयाचाही समावेश आहे.

स्वातंत्र्यानंतर ते घटना समितीत होते. 1952 पासून 1962 पर्यंत त्यांनी केंद्र सरकारात शेती खात्याचे काम पाहिले. 1955 साली त्यांनी भारत कृषक समाजाची स्थापना केली. 1959 च्या डिसेंबरात दिल्लीस जागतिक कृषी प्रदर्शन भरविले. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर त्या वेळी उपस्थित होते. ज्या शेतकऱ्याने आपला तालुकाही ओलांडला नव्हता, त्याने देशोदेशीची अवजारे व बियाणी डोळ्यांनी पाहिली.

याच काळात आपल्या देशात कृषी विद्यापीठांचा विचार रुजला. त्याचा नमुना अमेरिकेतून आला होता. तेथे 1862 साली असा कायदा झाला की, प्रत्येक राज्यास त्याच्या प्रत्येक लोकप्रतिनिधीमागे 30,000 एकर सरकारी जमीन द्यावी, ती विकून आलेल्या रकमेच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये चालवावीत. आपल्याकडे देवस्थानास इनाम जमीन असे. तेथे विद्येस इनाम दिले गेले, असे म्हणावयास हरकत नाही. 1955 साली भारतीय व अमेरिकन तज्ज्ञांच्या समितीने या पद्धतीची शिफारस केली आणि 1960 साली पंतनगर येथे देशातील पहिले कृषी विद्यापीठ उभे राहिले. विदर्भासही असे विद्यापीठ लाभावे, अशी भाऊसाहेबांची तळमळ होती. ते पाहावयास मात्र ते राहिले नाहीत. 10 एप्रिल 1965 रोजी दिल्लीत त्यांचे देहावसान झाले. 20 ऑक्टोबर 1969 रोजी अकोल्यास विद्यापीठ स्थापन झाले आणि त्यास त्यांचेच नाव देण्यात आले.

आता आपल्या मुलखाकडे वळू. पुणे व नागपूर येथील कृषी महाविद्यालये विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच निघाली होती. परंतु आपला भाग 1948 पर्यंत निजामी अमलाखाली असल्याने ती आपणांस परमुलखातील होती. परभणीस कृषी महाविद्यालय 1956 साली निघाले व 1972 साली तेथे विद्यापीठ झाले. म्हणजे आज लोहाऱ्याच्या मुलास शेतीचे शिक्षण घ्यावयाचे तर दार उघडे आहे. अडते ते फी, खोलीभाडे व खानावळ यांपाशी. अल्पभूधारकांच्या मुलांस वसतिगृहाच्या खर्चासाठी महाराष्ट्र शासनाने जी निर्वाह भत्ता योजना काढली, तिलाही डॉ. पंजाबरावांचेच नाव आहे. तथापि सरकारी पैसा खात्यात पडेपर्यंत खानावळवाला थांबत नाही, हे ज्याच्या घरी मूल शिकते तो जाणतो.

येथे स्वतःचा एक अपराध सांगणे आम्हांस भाग आहे. आमच्या हाताखाली एक विद्यार्थी होता. माती हातात घेऊन ओल किती आहे हे सांगणारा, कलम बांधण्यात मोठ्या माणसांस मागे टाकणारा. त्याच्या मनात कृषी पदविका घ्यावयाचे होते. घरी पैशाची सोय नव्हती. वडील सल्ला विचारावयास आले, तेव्हा शेतीत आता काय उरले आहे, मुलास शहरात धाडा, असे आम्ही सांगितले. मंडळाकडे शब्द टाकणे आमच्या हाती होते. आम्ही टाकला नाही. तो मुलगा आज शहरात एका गोदामाची राखण करतो. काम प्रामाणिकपणाचे आहे, त्यात कमीपणा नाही. पण ज्या हातांस मातीची भाषा कळत होती, ते हात कुलपे पाहण्यात खर्ची पडले, याची रुखरुख आम्हांस आहे.

आपल्या मंडळाच्या शिक्षण निधीतून बहुधा डॉक्टर व इंजिनियर होऊ इच्छिणाऱ्यांसच साहाय्य मिळत आले आहे. येत्या वार्षिक सभेत आम्ही अशी सूचना मांडणार आहोत की, त्यातील काही भाग शेती, दुग्धव्यवसाय, फळबाग व अवजारांची दुरुस्ती शिकू इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी दर वर्षी वेगळा काढावा. आणि एखादे गरजू मूल शेजारच्या ज्ञातीचे असले तरी त्यास विन्मुख पाठवू नये. पूर्वी आपल्याकडे पेरणीस बी नसले की सवाईने दाणे आणीत व रास झाली की फेडीत. साहाय्य घेणाऱ्याने कमावता झाल्यावर आपल्या ऐपतीप्रमाणे निधीत भर घालावी. सक्ती नको, पण विसर नको.

आरंभी आलेल्या शंकेचे उत्तर आता निराळे द्यावयास नको. एका परक्याच्या निधीने वाढलेल्या पुरुषाने हजारो परक्या मुलांस आपले मानले. अशा पुरुषाचे चरित्र आपल्या स्मरणिकेत छापणे सोपे आहे. सभेच्या दिवशी आपण काय ठरवितो, त्यावरून ते आपण वाचले की नुसते छापले, हे कळेल. सर्व बंधुभगिनींनी सभेस अवश्य यावे, ही नम्र विनंती.